एसीत गॅस भरण्याआधी पत्र्यावरची पट्टी वाचा

एप्रिल लागला की सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढं, स्लॅबखालच्या खोलीत रात्री बारालापण भिंत गरम लागते, आणि नेमका तेव्हाच एसी गार करायचा बंद होतो. मेकॅनिक येतो, गेज लावतो, 'गॅस संपलाय ओ' म्हणतो. पण गॅस काही पेट्रोल नाही, बंद पाइपात फिरतोय, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे.

तर आधी मोबाइलची टॉर्च घेऊन बाहेरच्या युनिटवरची पट्टी वाचा, तिथं गॅसचं नाव आणि किती ग्रॅम भरायचा ते लिहिलेलं असतं. आर-२२ असेल तर मशीन जुनं, हा गॅस ओझोनचा थर खातो, नवीन एसी बनवताना तो आता वापरत नाहीत. आर-४१०ए ओझोनला त्रास देत नाही पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २०८८ पट, आर-३२ ६७५ पट, आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, तो जेमतेम ३ पट. असले गॅस कमी करायचा जगभरातल्या देशांचा किगाली करार भारतानं २०२१ मध्ये मान्य केलाय आणि २०३२ पासून आपल्याकडं हे जास्त तापवणारे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचेत, म्हणून नवीन घेताना ३२ किंवा २९० बघा.

पण जुन्या मशीनमध्ये नवा गॅस घालू नका राव! माझ्या आर-२२ च्या एसीला एकानं 'सगळे सारखेच' म्हणत ३२ चा सिलिंडर जोडायला घेतला, हात धरून थांबवला. ३२ चं प्रेशर कितीतरी जास्त, कॉम्प्रेसरचं ऑइल वेगळं, वर तो थोडा पेट घेतो. प्रोपेन तर घरच्या सिलिंडरसारखाच पेटतो, जुन्या मशीनच्या वायरिंगमध्ये ठिणगी उडाली तर ते झेपणारं नाही.

लीक शोधायला पाइप जोडतात त्या पितळी नटाजवळ बघा, तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली असली तर बहुतेक तिथंच. नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. दुरुस्ती झाली की पाइपातली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावायला सांगा, नुसता गॅस सोडून हवा काढतो म्हणाला तर नको म्हणा, आणि गॅस काट्यावर तोलूनच भरून घ्या. ३२ किंवा २९० असेल तर खिडक्या उघड्या, विडी-काडी बंद.

जुनं मशीन भंगारात देणार असाल तर आतला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा, भंगारवाला पाइप सरळ कापतो.