एचएफच्या दुधाचं गौडा, घरच्या घरी

साताऱ्या-सांगलीच्या गोठ्यांतली काळी-पांढरी एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय मूळची हॉलंडकडची, आणि गौडा चीजही तिकडचंच. दूध हाताशी आहे, पण ते पारखून घ्या.

मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) खाणाऱ्या गाईंचं दूध टाळा. मुरघासातल्या जिवाणूंचे बीजाणू शेणावाटे सडांना लागतात आणि धारेबरोबर दुधात उतरतात. दूध तापवलं तरी ते मरत नाहीत. चीज महिना-दोन महिने मुरलं की आतून फुगतं, भेगा पडतात, खवट लोण्याचा वास सुटतो. तोवर सगळी मेहनत झालेली असते. हिरवा चारा, कडबा, वाढं (उसाचे शेंडे) खाणाऱ्या गाईचं दूध बरं. दगडी (कासेची सूज) झाली म्हणून सडात औषधाची ट्यूब सोडली असेल तर तेही नको; औषधाच्या अंशामुळे विरजण लागतच नाही.

१० लिटर दुधाचं साधारण १ किलो चीज होतं. दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवून ३१ अंशांपर्यंत निववा. मेसोफिलिक कल्चर (चीजचं विरजण) पुडीवरच्या प्रमाणात घाला (घरचं दही चालत नाही, चव बिघडते) आणि पाऊण तास झाका. मग कॅल्शियम क्लोराइड आणि शाकाहारी रेनेट (दूध गोठवणारं विकर), दोन्ही उकळून गार केलेल्या पाण्यात वेगवेगळे मिसळून घाला. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने रेनेट मरतं.

पाऊण तासाने सुरी तिरकी खुपसून उचला. काप स्वच्छ फाटला आणि फटीत पिवळसर निवळी साठली, तरच १ सेंटिमीटरच्या वड्या कापा. दूधकट पाणी दिसलं तर आणखी १० मिनिटं थांबा.

पुढचं धुणं हा गौडाचा प्राण. १० मिनिटं हलकं ढवळा, दाणे बसू द्या, तिसरा हिस्सा निवळी काढा. तिच्या जागी ६० अंशांचं पाणी बारीक धारेने ओता, ३४ अंश येईपर्यंत. परत तेवढंच काढून तसंच गरम पाणी ओतत ३८ अंशांवर न्या आणि अर्धा तास ढवळा. निवळीबरोबर दुधातली साखर जाते, त्यामुळे चीज फार आंबत नाही, गोडसर आणि लवचीक राहतं. धुणं कमी पडलं तर ते आंबट आणि ठिसूळ होतं, जास्त झालं तर बेचव.

दाणे फडक्यासह भोकाच्या साच्यात भरा. अर्धा तास ५ किलो वजन, उलटून १० किलो, मग रात्रभर २० किलो. पहिल्याच दिवशी स्पंजासारखी छिद्रं पडून फुगलं, तर दूध तापवल्यानंतर हात-भांड्यांची स्वच्छता राहिली नव्हती असं समजा, आणि ते फेकाच.

१ लिटर पाण्याला २२० ग्रॅम मीठ, चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड आणि थोडं व्हिनेगर. त्यात चीज ८ तास बुडवा, मधे एकदा उलटून. कॅल्शियम विसरलं की वरचा थर बुळबुळीत होतो. २-३ दिवस वाळवून चीजचं मेण लावा.

मुरायला १२ अंश लागतात. इथल्या उन्हाळ्यात खोलीत ते जमणार नाही. जुना फ्रिज थर्मोस्टॅट लावून वेगळा ठेवा. पहिला महिना रोज उलटा, नाहीतर ओल एका बाजूला उतरते. दोन महिन्यांनी कापा.