शिक्षण परिषदेत गणिताचे दोन तास: मुलांच्या चुकलेल्या उत्तरांवरून प्रशिक्षण कसं घ्यावं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, असं म्हटलं आहे. त्यातले बरेच तास केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या एकत्र बैठकीत) जातात. गणिताच्या वाट्याला आलेले दोन तास व्याख्यानात घालवू नयेत. शिक्षकाला वर्गात खरी अडचण येते ती एका जागी: मुलाचं उत्तर चुकलं हे दिसतं, पण कोणत्या विचाराने चुकलं ते कळत नाही. पुढची रचना त्यासाठीच आहे.

तयारी आठ दिवस आधी सुरू करा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या एका वर्गाला पाच उदाहरणं द्यावीत. वेळ १५ मिनिटं, गुण नाहीत, खोडरबर नाही. चुकलं तर मुलांनी फक्त रेघ मारावी आणि कच्चं काम त्याच कागदावर करावं, कारण खोडलेल्या जागेतच आपल्याला हवी ती माहिती असते. नावाची पट्टी कापून सगळे कागद आणावेत. निवडक कागद आणले की हुशार मुलांचेच येतात.

उदाहरणं अशी निवडा की वेगळ्या गैरसमजातून वेगळं उत्तर निघेल. तिसरी-चौथीसाठी ४०२ − १६८ चांगलं आहे. बरोबर उत्तर २३४. ज्याने ३६६ लिहिलं, त्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला. वर कोणता, खाली कोणता हे पाहिलंच नाही. ज्याने २४४ लिहिलं, त्याला शतक सुटं करता येतं, पण दहा दशकांतलं एक एककाकडे गेल्यावर नऊ उरतात हे सुटलं. पहिल्याला वजाबाकीचा अर्थ हवा, दुसऱ्याला एकच पायरी. दोघांनाही ‘पुन्हा दहा वेळा सोडव’ सांगणं म्हणजे चूक पक्की करणं.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी संख्यांचं श्रुतलेखन घ्यावं: त्रेसष्ट, एकोणपन्नास, सत्याहत्तर, एकोणऐंशी. मराठीत एकक आधी ऐकू येतं, म्हणून त्रेसष्टचे ३६ होतात. एकोणपन्नासमध्ये ‘पन्नास’ ऐकू येतं, म्हणून ५९. ही अडचण भाषेतली आहे, मुलाच्या बुद्धीतली नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ या धर्तीचं वाचन आलं, तेव्हा मोठा वाद झाला. पण त्यामागची अडचण खरीच होती. दोन्ही वाचनं शेजारी ठेवून काड्यांचे गठ्ठे मोजले की मुलांची संख्यानामं हळूहळू पक्की होतात.

पाचवीपासून पुढे दशांश अपूर्णांकांची जोडी द्या: ०.३५ आणि ०.८ यांत मोठी कोणती? ४.२ आणि ४.६३ यांत? ‘जास्त अंक म्हणजे मोठी संख्या’ असं मानणारं मूल पहिली चुकतं आणि दुसरी बरोबर सोडवतं. ‘कमी अंक म्हणजे मोठी’ मानणाऱ्याचं उलट होतं. एकच प्रश्न दिला तर यातलं एक मूल हमखास निसटतं. सोबत ८ + ४ = □ + ५ हेही द्या. चौकटीत १२ आलं तर त्या मुलासाठी ‘बरोबर’ हे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिही’ अशी आज्ञा आहे. सातवीत समीकरणं अडतात त्याचं एक मूळ इथे सापडतं.

परिषदेच्या दिवशी चार-चार जणांचे गट करा आणि प्राथमिक व उच्च प्राथमिकचे शिक्षक मुद्दाम मिसळा. सातवीच्या शिक्षकाला चूक कुठून आली ते दिसतं, तिसरीच्या शिक्षकाला ती कुठवर जाते ते. पहिली ३५ मिनिटं कागदांचे ढीग लावायला द्या. ढीग ‘बरोबर-चूक’ असे दोन नकोत. एका उत्तराचा एक ढीग. मग प्रत्येक ढिगावर मुलाचा नियम त्याच्याच शब्दांत लिहायचा.

इथे गाडी बहुतेक वेळा अडते. ‘लक्ष देत नाहीत’, ‘सराव नाही’, ‘घरी कोणी बघत नाही’ असं लिहिलं जातं. अशा वेळी वाद न घालता एक कसोटी लावा: याच मुलाला ५०३ − २४७ दिलं तर ते काय लिहील? ३६६ वाल्या मुलाचा नियम ओळखला असेल तर ३४४ सांगता येतं. २४४ वाल्याचा ओळखला असेल तर २६६. ‘लक्ष नाही’ या निदानातून एकही अंक सांगता येत नाही. नियम नेमका सापडेपर्यंत पुढे जाऊ नका, वेळ वाढला तरी चालेल.

पुढच्या ४० मिनिटांत प्रत्येक ढिगासाठी एक प्रश्न तयार करा, असा की मुलाला स्वतःच्या उत्तरातली विसंगती दिसेल. १/३ + १/४ = २/७ लिहिणाऱ्याला लगेच छेद समान करण्याची रीत शिकवू नका. आधी १/२ + १/२ त्याच्याच पद्धतीने करायला सांगा. २/४ येईल, म्हणजे अर्धी आणि अर्धी भाकरी मिळून पुन्हा अर्धीच! वजाबाकीसाठी खेळण्यातल्या नोटा घ्या: शंभराच्या चार आणि एक रुपयाची दोन नाणी. त्यातून १६८ द्यायला सांगितलं की शंभराची नोट मोडावी लागते, मग दहाचीही. साहित्य हाताळतानाच शेजारी उभी मांडणी लिहायला लावा. नोटा आधी आणि लेखन दुसऱ्या दिवशी असं केलं, तर मुलाच्या मनात दोन्ही वेगळेच राहतात.

उरलेल्या वेळात एका शिक्षकाने तो प्रश्न सहकाऱ्यांवर करून पाहावा. बाकीच्यांनी मुलाच्या भूमिकेत त्याच चुकीच्या नियमाने उत्तरं द्यायची. निरीक्षकाने वहीत शिक्षकाचे दोष नोंदवू नयेत. विचारलेला प्रश्न आणि त्यावर आलेलं उत्तर, एवढंच शब्दशः लिहावं. फोटो आणि अहवालाचं काम आधीच एकाकडे द्या, नाहीतर शेवटची १५ मिनिटं त्यातच जातात.

निघताना प्रत्येकाकडे एक ढीग, एक प्रश्न आणि एक तारीख असावी. प्रश्न वर्गात वापरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी त्याच मुलांना आकडे बदलून तेच उदाहरण द्या; दुसऱ्याच दिवशी घेतलं तर फक्त आठवण तपासली जाते. पुढच्या परिषदेला जुने आणि नवे कागद एकत्र टाचून आणा आणि पहिली २० मिनिटं न बदललेल्या कागदांना द्या.