कॉलेज बंद, लेक्चर मोबाइलवर: झोप आणि अभ्यासाची घडी कशी बसवायची

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजं बंद झाली आणि सकाळची एसटी, पहिलं लेक्चर, कँटीन, लायब्ररी सगळं एकदम थांबलं. दिवस त्यांच्यावरच बांधलेला होता. अशा वेळी आधी झोप सरकते, मग लेक्चर बुडतात, मग साचलेला अभ्यास बघूनच धसका बसतो. म्हणून टाइमटेबल नंतर, आधी झोप.

झोपण्याची नव्हे, उठण्याची वेळ पक्की करा. झोप ओढून आणता येत नाही, गजर लावून उठता येतं. ११ ला उठणाऱ्याने एकदम ६ चा गजर लावला तर तो चार दिवसही टिकत नाही. दर दोन दिवसांनी अर्धा तास अलीकडे या. उठल्यावर २०-३० मिनिटं गच्चीत किंवा अंगणात उजेडात थांबा, शरीराचं घड्याळ त्यानेच जागेवर येतं. दुपारी ३ नंतर झोपू नका. लेक्चर अंथरुणात ऐकू नका. रविवारीही उठायची वेळ तीच.

साचलेलं अगदी पहिल्यापासून संपवायला बसलात तर रोजचं नवं साचत जातं. आजचं लेक्चर आजच ऐका, जुनं रोज एकच. व्हिडिओ नुसता बघितला की समजल्यासारखं वाटतं, पण आठवत नाही. २५ मिनिटांनी तो थांबवा, वही मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. राहिलेलं वही उघडून लाल पेनाने भरा आणि दुसऱ्या दिवशी फक्त लाल भाग वाचा.

परीक्षा एमसीक्यूची असली तरी आठवड्याला १० मार्कांचं एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा. ऑनलाइन परीक्षांच्या काळात लिहिण्याची सवय इतकी मोडली होती की २०२२ च्या उन्हाळी लेखी परीक्षांत राज्यातल्या विद्यापीठांनी तासामागे १५ मिनिटं वाढवून दिली.

रोज एका मित्राला फोन करा. ग्रुपवरचे मेसेज त्याची जागा घेत नाहीत.

दोन आठवडे सलग उदास वाटत असेल, जेवण-झोप बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल तर तो आळस समजू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तासांत कधीही मराठीत बोलता येतं. मित्र ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाला, तर आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर फोन चालू ठेवा, त्याच्या घरातल्या मोठ्या माणसाला लगेच कळवा आणि कोणीतरी जवळ पोहोचेपर्यंत त्याला एकटं सोडू नका.