अल्डेफ्लोर पहिल्यांदा लावताना

कर्करोगाच्या मूळपेशी शोधायच्या म्हटलं की नव्या विद्यार्थ्याच्या हातात बहुतेक वेळा अल्डेफ्लोरचं किट येतं. या मूळपेशींत एएलडीएच (अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज) हे एन्झाइम बऱ्याचदा जास्त असतं, आणि ते जास्त असलेल्या पेशी हे किट चमकवून दाखवतं. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगात या पद्धतीने निवडलेल्या अवघ्या ५०० पेशींनी उंदरात गाठ निर्माण केली, तेव्हापासून ती सगळीकडे रुळली.

किटमधलं सबस्ट्रेट, म्हणजे एन्झाइम ज्यावर काम करतं ते चमकणारं द्रव्य बॉडिपी-अमिनोअ‍ॅसिटाल्डिहाइड, पेशीत सहज शिरतं. एएलडीएच एन्झाइम त्याचं ऋणभारित आम्ल बनवतं आणि ते आतच अडकतं. पण न बदललेलं सबस्ट्रेटही चमकतं, त्यामुळे थोडी चमक प्रत्येक पेशीत दिसणारच. म्हणून एन्झाइम रोखणाऱ्या डीईएबी या द्रव्याची कंट्रोल नळी प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी हवी. कालच्या नमुन्याचा गेट (चमकत्या पेशी मोजण्यासाठी आलेखावर आखलेली सीमा) आजच्याला लावू नका.

कोरडं सबस्ट्रेट २५ मायक्रोलिटर डीएमएसओत विरघळवा, त्यात २५ मायक्रोलिटर २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, १५ मिनिटं तसंच ठेवा आणि मग किटमधलं ३६० मायक्रोलिटर अ‍ॅसे बफर मिसळा. पेशी अ‍ॅसे बफरमध्ये मिलिलिटरला १० लाख घ्या. सस्पेन्शन फार दाट असेल तर सबस्ट्रेट पुरत नाही आणि फरक पुसट होतो. फार पातळ असेल तर सगळ्याच पेशी चमकतात. म्हणून मोजणी अंदाजाने करू नका.

खरी कसरत पुढच्या काही सेकंदांची. कंट्रोलच्या नळीत ५ मायक्रोलिटर डीईएबी आधीच टाकून झाकण लावा; ते इथेनॉलमध्ये असतं आणि उघडं राहिलं तर उडतं. टेस्टच्या १ मिलिलिटर पेशींत ५ मायक्रोलिटर सबस्ट्रेट घाला, मिसळा आणि लगेच अर्धा मिलिलिटर कंट्रोलमध्ये ओता. एन्झाइम तुमच्यासाठी थांबत नाही. इथे रेंगाळलात तर कंट्रोलही चमकेल आणि गेट उगाच उजवीकडे सरकेल. मग ३७ अंशांवर ३० ते ६० मिनिटं. नेमकी वेळ प्रत्येक सेललाइनसाठी (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वाणासाठी) एकदा ठरवून घ्यावी लागते.

यानंतर सवयीने पीबीएसने (साध्या मिठाच्या बफरने) धुतलं की प्रयोग गेलाच. अ‍ॅसे बफरमध्ये एबीसी पंप, म्हणजे पेशीतून द्रव्यं बाहेर टाकणारी प्रथिनं, रोखणारं द्रव्य असतं. ते नसेल तर पेशी चमकणारं आम्ल बाहेर फेकतात. २५० जी वर ५ मिनिटं फिरवा, पेशी थंड अ‍ॅसे बफरमध्येच घ्या आणि फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या मशीनवर) जाईपर्यंत बर्फात ठेवा. सॉर्टिंग (चमकेनुसार पेशी वेगळ्या काढणं) असेल तर नमुन्याचा कक्षही ४ अंशांवर ठेवायला सांगा. फॉर्मल्डिहाइडने फिक्स करून 'उद्या बघू' हे इथे चालत नाही.

वाचन ४८८ नॅनोमीटर लेझरवर, एफआयटीसी या हिरव्या रंगद्रव्याच्या चॅनेलमध्ये. त्यामुळे त्याच रंगाची अँटिबॉडी आणि जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) असलेल्या पेशी दोन्ही बाद. जीएफपी असेल तर लाल रंगाचा अल्डेरेड वापरा. मेलेल्या पेशी ओळखून वगळण्यासाठी ७-एएडी हा रंग घ्या. रुग्णाच्या गाठीचा नमुना असेल तर पांढऱ्या रक्तपेशी सीडी४५ या त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणेने वगळा. सेललाइनमध्ये एसके-बीआर-३ किंवा ए५४९ पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून सोबत लावा. नाहीतर शून्य टक्के आल्यावर दोष पेशींचा की किटचा, कळणार नाही.

चमकलेली पेशी मूळपेशीच असते असं नाही. यकृतासारख्या ऊतींत साध्या पेशींतही एएलडीएच भरपूर असतं, आणि डीईएबी त्याच्या सगळ्या आयसोफॉर्मना (एकाच एन्झाइमच्या वेगवेगळ्या रूपांना) सारखं रोखत नाही. त्यामुळे चमकत्या आणि मंद, दोन्ही पेशी सॉर्ट करून स्फिअर (तरंगते पेशीगोळे) तयार होतात का, आणि शक्य असेल तिथे कमी-कमी संख्येने उंदरात टोचल्यावर गाठ होते का, हे पाहा. अहवालात टक्केवारी देताना डीईएबी नळीचा आलेख शेजारी छापा.