आपल्या भागातला ओढा उगमापासून संगमापर्यंत कसा शोधायचा

ओढ्याचा नकाशा करायचा म्हटलं की लोक आधी गूगल मॅप उघडतात आणि काहीच सापडत नाही, कारण शहरात अर्धा ओढा रस्त्याखालच्या पाइपात गेलेला असतो. त्यापेक्षा सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवरून १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, डाउनलोड करा, फुकट मिळते. मी पुण्याचा आंबिल ओढा धरून सांगतो, बाकी कुठल्याही ओढ्याला हीच पद्धत चालते.

शीटवर दर २० मीटर उंचीला एक रेषा असते. रेषा टोकदार वळली आणि टोक चढाच्या बाजूला असलं तर तिथून पाणी वाहतं, टोक उताराकडे असलं तर ती डोंगराची सोंड. सोंडा आणि माथे जोडत गेलात की पाणलोटाची, म्हणजे ज्या भागातलं पाणी या ओढ्यात येतं त्याची, हद्द तयार होते, आणि हे पहिलं करा प्लीज, कारण हद्द कळल्याशिवाय उपओढे शोधणं म्हणजे नुसती पायपीट. आंबिल ओढ्याची दक्षिणेकडची हद्द कात्रजच्या डोंगरावर आहे. त्या डोंगरमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस मुठेत येतो, पलीकडचा शिवगंगा, गुंजवणी करत नीरेला जातो, आणि दोन्ही पाणी शेवटी भीमेत नीरा नरसिंगपूरला भेटतात! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ नकाशाच बघत बसलो होतो.

आता चालायचं, पण संगमाकडून वर. वरून खाली आलात तर उपओढे मागच्या बाजूने येऊन मिळतात आणि नजरेतून सुटतात, खालून वर गेलात की प्रत्येक फाटा समोर दिसतो. म्हणजे दत्तवाडीकडून सुरू करून दांडेकर पूल, पर्वतीचा पायथा, अरण्येश्वर, पद्मावती आणि मग कात्रजचे तलाव. एक लक्षात ठेवा, डावा-उजवा काठ हा नेहमी पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरतो, त्यामुळे वर चालताना तुमचा उजवा हात म्हणजे ओढ्याचा डावा काठ, वहीत हमखास उलटं लिहिलं जातं.

प्रत्येक फाट्याला नंबर द्या. ज्याला वरून कोणीच मिळत नाही तो १, दोन १ मिळाले की २, पण २ ला १ मिळाला तरी तो २ च राहतो.

बुजलेले उपओढे शोधायला रस्त्याचा सगळ्यात खोल भाग बघा, पाऊस पडला की जिथे दरवेळी पाणी साचतं तिथे बहुतेक जुना ओहोळ असतो. जुन्या लोकांनाही विचारा. आणि आजची वाट ही मूळ वाटच असेल असं धरू नका, आंबिल ओढा पूर्वी पेठांच्या बाजूने वाहायचा, नानासाहेब पेशव्यांच्या काळात तो पर्वतीजवळ बांध घालून वळवला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला आणि काठावरच्या वस्त्यांमध्ये माणसं गेली, म्हणून हे उपओढे नकाशावर यायलाच हवेत असं मला मनापासून वाटतं.

पाऊस चालू असताना पात्रात अजिबात उतरू नका, वर डोंगरात जोर धरला की खाली पाणी बघता बघता चढतं. मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी जा, सोबत कोणीतरी घ्या, आणि ज्या ओहोळांबद्दल शंका आहे ते तुटक रेषेने काढून ठेवा, वाहताना बघितले की मग पक्के करा.