मिक्सरचं कपलर

ऐन चटणीच्या वेळी मोटर घरघरतेय, पण भांड्यातलं पातं ढिम्म! मोटरची फिरकी पात्याला देणारी खालची दातेरी चकती, म्हणजे कपलर, तिचे दात झिजून गुळगुळीत झालेले. प्लग काढून खोलायला बसलो. अर्धा तास नुसतं घट्टच करत होतो, कारण आटे उलटे. तळाची जाळी काढून मोटरचा दांडा स्क्रू ड्रायव्हरनं अडवला, कपलर घड्याळाच्या दिशेनं फिरवलं, तेव्हा कुठे सुटलं.

कोपऱ्यावरच्या दुकानदारानं ते हातातही घेतलं नाही. "हे आता येत नाही काका, नवा मिक्सरच न्या." पुढच्या दोन दुकानांतही हीच टेप. शेवटी पुण्यातली विजेच्या सामानाची तपकीर गल्ली गाठली. तिथल्या पोरानं पत्र्याचा डबा उपसला, दात मोजले, आटे जुळवले आणि तस्संच काढून दिलं. दोन चहांच्या पैशांत! बसवायला मोजून दोन मिनिटं. चटणी मात्र तोवर पाट्यावर झाली होती.