ट्रॅव्हल ट्रेलर घेताय? आधी गाडीचा दरवाजा उघडून बघा

इथे अमेरिकेत दोन पोरं, मधूनमधून भारतातून येणारे आई-बाबा आणि कॅम्पिंगची हौस, एवढं जमलं की गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराचा, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरचा विषय निघतोच, आणि मग सगळे डीलरकडे जाऊन सोफा नि फायरप्लेस बघत बसतात. थांबा जरा. आधी स्वतःच्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडा, तिथे खांबावर पिवळं-पांढरं स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती पाउंड ते त्यावर छापलेलं असतं. गाडी 5000 पाउंड ओढते (टोइंग) याचं कौतुक सगळेच सांगतात, पण फॅमिली एसयूव्हीचं घोडं बहुतेक वेळा या स्टिकरवरच अडतं.

का, तर ट्रेलरच्या वजनातलं साधारण 10 ते 15 टक्के ओझं हिचवरून, म्हणजे गाडी-ट्रेलरच्या जोडणीवरून, गाडीवर येतं. भरलेला ट्रेलर 4500 पाउंडचा धरला तर साधारण 450 ते 675. समजा स्टिकरवर 1300 आहे, घरातले चौघं मिळून 550, हिचवर 600, उरले 150, त्यातच कूलर, सायकली आणि हिचचं स्वतःचं वजन. आई-बाबा गाडीत बसले की खेळ खल्लास.

सेल्समन सांगतो ते ड्राय वेट, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं. 40 गॅलन पाणी भरलं तर नुसतं पाणीच 330 पाउंडच्या आसपास जातं, वर भांडीकुंडी, गाद्या, तांदळाची पिशवी. हिशोब जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं जास्तीत जास्त परवानगी असलेलं वजन, धरूनच करा, तो आकडा ट्रेलरच्या बाहेर स्टिकरवर असतो.

आता लेआउट. पोरं असतील तर बंकहाउसच घ्या, म्हणजे एकावर एक बंक बेड असलेला, नाहीतर रोज रात्री डायनेटचं (जेवायच्या कोपऱ्याचं) टेबल पाडून बेड करायचा आणि सकाळी परत उभा करायचा याचा दोन दिवसांत वैताग येतो. मोठ्यांचा बेड तीन बाजूंनी भिंतीला चिकटलेला असेल तर रात्री बाथरूमला जाताना एकाला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं, गुडघेदुखीवाल्या आईला हे कसं जमणार? आणि ट्रेलरमधला क्वीन बेड (आरव्ही क्वीन) घरच्या क्वीनपेक्षा बऱ्याचदा पाच-सहा इंच आखूड असतो, म्हणून सरळ बूट काढून आडवे होऊन बघा, लाजू नका. स्लाइडआउट, म्हणजे थांबल्यावर बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, बंद करूनही टॉयलेटपर्यंत पोचता येतं का तेही बघा, हायवेवर थांबल्यावर त्याची किंमत कळते. चिमणीची हवा खरंच बाहेर जाते का ते विचारा, नाहीतर पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म बोंबलणार!

लांबी मॉडेलच्या नावावरून धरू नका, हिचसकट ती बऱ्याचदा तीन-चार फूट जास्त भरते. योसेमिटी नॅशनल पार्कच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला 24 फुटांची मर्यादा आहे, आणि हुकअप्स (वीज-पाण्याची जोडणी) तिथे नाहीतच, त्यामुळे टाक्या आणि बॅटरी किती ते बघूनच घ्या. नॅशनल पार्क फिरायचे असतील तर माझं मत लहानाकडे.

जुना घेत असाल तर आत शिरल्यावर आधी वास घ्या, मग कोपऱ्याकोपऱ्यात टाच दाबत फिरा, फरशी मऊ लागली किंवा बाहेरची भिंत फुगलेली दिसली तर पाणी मुरलंय, कितीही स्वस्त असो, निघा तिथून. टायरच्या कडेवर DOT ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23 व्या आठवड्यात बनला. नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांपुढचे टायर बदलायचेच, तेवढे पैसे किमतीतून कापून मागा.